तळघरातला नळ

केल्सो स्ट्रीट, एक्क्याऐंशी नंबर.
थंडीनं किल्ली कुलपातच तुटली, पोरगा फोनवर म्हणाला.
पत्ता सांगायला लागला,
म्हटलं राहू दे, सापडेल.

पायऱ्यांवर घोटाभर बर्फ.
तिसरी पायरी अजून डावीकडे कलते.
न बघताच मी उजवीकडे पाय टाकला.

चौसष्ट साली व्रुबेलबाईंना रोज फोन यायचे,
बरोबर संध्याकाळच्या जेवणाला:
ते येतायत. आत्ता विकलंत तर चार पैसे सुटतील.
ते म्हणजे आम्ही.
अलाबामाहून आलेला, पोलादाच्या भट्टीवर लागलेला बाप,
आई, तीन पोरं, एक शिवणयंत्र.
फोन करणाऱ्यानं घर तिच्याकडून पडत्या भावात उचललं
आणि आम्हाला दीडपटीनं लावलं. हे आईला
फार उशिरा कळलं.

किल्ली द्यायला मात्र बाई स्वतः आली.
आईच्या हातावर ठेवली, काही बोलली नाही,
फाटकापर्यंत गेली, परत फिरली:
तळघरातला नळ हिवाळ्यात थेंब थेंब सुरू ठेवा,
नाहीतर पाइप फुटतो.
एवढंच.
आई म्हणायची, मनात विष असतं
तर नळाचं कशाला सांगितलं असतं?
भाऊ म्हणायचा, मन एवढं मोठं होतं तर गेली कशाला?
मी अजून दोघांच्या मध्येच उभा आहे.

दोन वर्षांत गल्लीतल्या सगळ्या पाट्या बदलल्या.
खसखशीचे रोल करणारा बेकर गेला, त्याच्या भट्टीच्या खोलीत
मर्व्हिननं न्हाव्याची खुर्ची टाकली. भिंतींना अजून
पावाचा वास यायचा, केस कापताना भूक लागायची.
मग कारखाना बंद पडला.
मग घरं जळायला लागली, काही आपोआप, काही नाही.
दात पडलेल्या तोंडासारखी गल्ली.
आई गेली. भावानं कर थकवला, मला कळवलं नाही,
म्हणजे कळवलं असेल, मी फोन उचलला नसेल.
नगरपालिकेनं एक्क्याऐंशी नंबर लिलावात काढला.

आता मोकळ्या जागांवर दुधीचे मांडव उभे राहतात उन्हाळ्यात.
न्यूयॉर्कला टॅक्सी चालवून चालवून पाठ मोडलेले बांगलादेशी
इथे येऊन छपरं शाकारतात.
जिथे व्रुबेलबाईचं लग्न लागलं त्या चर्चवर
आता अजान होते, घंटा तशीच वर आहे,
उतरवायला क्रेन परवडत नाही म्हणे.

मागच्या जूनमध्ये मर्व्हिनच्या खुर्चीत,
गळ्याभोवती कापड, मानेवर वस्तरा,
मी म्हणालो: ते येतायत.
आरशात माझेच ओठ हलताना दिसले.
आवाज ओळखीचा होता.
जेवणाच्या वेळेचा.
मर्व्हिन म्हणाला, हलू नकोस.

तर कुलूप.
चार स्क्रू, त्यातला एक आखूड. तो मीच लावलेला,
एकोणनव्वदला, आईच्या हाताला थरथर सुरू झाली तेव्हा;
लांब स्क्रू संपले होते, उद्या बदलतो म्हणालो होतो.
रेडिएटरपाशी म्हातारी बसलेली, शालीत,
माझ्या हातांवर डोळा ठेवून, आणि का ठेवू नये.
जुनं कुलूप निघालं. नवं बसवलं. चारही स्क्रू लांब.
किल्ल्या किती करू? मी विचारलं.
पोरगा, मोहिबुल, बोटांवर मोजायला लागला.

म्हातारी मध्येच काहीतरी बोलली.
तो हसला, जरा ओशाळून:
आजी विचारतेय, वाकडी पायरी तुम्हाला कशी माहीत?
खिडकीतून बघत होती.

सांगायला पुष्कळ होतं.
मी पिशवी आवरली. म्हटलं,
तळघरातला नळ हिवाळ्यात थेंब थेंब सुरू ठेवा.

ठेवतो, तो म्हणाला.
पहिल्या हिवाळ्यात फुटला. कंबरभर पाणी.
कुणी सांगितलंच नव्हतं.